वर्गातल्या एका वाक्याविषयी

प्रिय विद्यार्थिनीस (आता सहकारी म्हणायला हवे, पण जुनी सवय सुटत नाही),
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्र हा घटक शिकवताना तू महात्मा फुले यांच्या 'गुलामगिरी'तला उतारा वाचून दाखवलास, त्यावर बोलण्याच्या ओघात देवळाबाहेर रांगेत उभ्या राहणाऱ्यांच्या बुद्धीविषयी एक शेरा मारलास, मागच्या बाकावरून कुणीतरी तेवढेच पाऊण मिनिट मोबाइलवर टिपले, संध्याकाळपर्यंत ते गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर फिरले, आणि दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावून "हा भाग यापुढे वरवर घ्या" असे सांगितले. शेवटी तू विचारले आहेस की वर्गात बोलण्याचे स्वातंत्र्य आपल्याला आहे की नाही. आहे. परंतु ते कशाचे आहे आणि कशाचे नाही हे आधीपासून पक्के ठाऊक नसेल, तर ऐन वेळी ते कामाला येत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

त्या तासात दोन निरनिराळ्या गोष्टी घडल्या आणि तू त्या एकच धरून चालली आहेस. उतारा हा अभ्यासक्रमाचा भाग होता. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकात मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह, वामन या अवतारांच्या कथा देवाची लीला म्हणून न वाचता, बाहेरून आलेल्यांनी येथल्या लोकांना कसे जिंकले याचा इतिहास म्हणून वाचल्या आहेत, आणि बळीराजाला त्या इतिहासाचा नायक केले आहे. हे ऐकून वर्गातल्या काही मुलांना वाईट वाटणारच. कुणालाही न दुखावता हे पुस्तक शिकवण्याची युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही, आणि ती शोधण्याच्या भरीस पडू नये हे बरे. शेरा मात्र फुल्यांचा नव्हता, तुझा होता. त्याला पुस्तकात आधार नव्हता, त्याच्या वाचून उताऱ्याचा अर्थ अडत नव्हता, आणि तो समोर बसलेल्या मुलांच्या आईवडिलांना लागू होत होता. उताऱ्यासाठी मी तुझ्या बाजूने कुठेही उभा राहीन. शेऱ्यासाठीही तुला शिक्षा होऊ नये असेच माझे मत आहे. फक्त त्याला शैक्षणिक स्वातंत्र्य असे नाव मी देणार नाही.

हा फरक काही मी आज शोधलेला नाही. अमेरिकेत १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एडवर्ड रॉस या अध्यापकाला, त्याची सार्वजनिक मते संस्थापिका जेन स्टॅनफर्ड यांना रुचली नाहीत म्हणून नोकरी सोडावी लागली. अशा प्रकरणांच्या पार्श्वभूमीवर १९१५ साली जॉन ड्यूई, आर्थर लव्हजॉय प्रभृती तत्त्वज्ञांनी तेथील प्राध्यापकांची संघटना उभी केली. तिने १९४० साली महाविद्यालयांच्या संघटनेबरोबर जे निवेदन प्रसिद्ध केले, त्यात असे म्हटले आहे की आपल्या विषयाची चर्चा करताना शिक्षकाला वर्गात स्वातंत्र्य आहे, मात्र विषयाशी संबंध नसलेली वादग्रस्त बाब अध्यापनात आणताना त्याने जपून असावे. याचा अर्थ 'वादग्रस्त ते टाळा' असा लावला जाऊ लागला, तेव्हा १९७० साली खुलासा करावा लागला की वाद हा तर मोकळ्या चौकशीचा गाभाच आहे, आक्षेप आहे तो विषयबाह्य मजकूर पुन्हा पुन्हा घुसवण्याला. म्हणजे एखादे वाक्य सोडून गेले म्हणून कुणी लगेच गुन्हेगार ठरत नाही. तुझ्या प्राचार्यांनी हे वाचलेले असण्याचा संभव कमी आहे, तरी तू वाचलेले असावेस.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१७ साली म्यूनिकमध्ये दिलेल्या व्याख्यानात याच गोष्टीची दुसरी बाजू मांडली आहे, आणि मला ती अधिक पटते. सभेत वक्ता काही बोलला तर श्रोता उठून उलट बोलू शकतो. वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसावे लागते, कारण त्याला परीक्षा द्यायची असते, आणि म्हणून व्यासपीठावरून स्वतःच्या राजकारणाचा प्रचार करणे हा त्या शांततेचा गैरफायदा आहे, असे त्याचे म्हणणे होते. आपल्याकडे तर अंतर्गत मूल्यमापनाची वही तुझ्याच हातात असते. ज्या मुलाने ते पाऊण मिनिट टिपले त्याने वाईटच केले. परंतु तुझ्या तोंडावर "मॅडम, हे मला पटत नाही" असे म्हणण्याची सोय त्याला वर्गात होती का, याचाही एकदा विचार कर. नसेल, तर ती सोय करणे तुझ्या हातात आहे.

एका वाक्याने केवढा अनर्थ ओढवतो हे पुण्याने पाहिले आहे. जेम्स लेन या अमेरिकन अभ्यासकाच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकात लोकांत ऐकू येणाऱ्या एका कथित विनोदाचा उल्लेख होता. कागदपत्रांचा आधार नसलेल्या त्या वाक्यावाचून पुस्तकाचे काहीही अडले नसते. ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर फोडले, ते केवळ लेखकाने प्रस्तावनेत तेथील अभ्यासकांचे आभार मानले होते म्हणून. त्या हल्ल्याचे समर्थन होऊच शकत नाही, आणि पुढे राज्य सरकारची बंदीही उच्च न्यायालयात व सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पण पुस्तकातला बाकीचा युक्तिवाद काय होता, हे आज महाराष्ट्रात किती जण सांगू शकतील? निराधार वाक्य हे असे असते: ते स्वतः तर जातेच, शिवाय साधार असलेले सगळे आपल्याबरोबर बुडवून नेते.

आता कायद्याचे. आपल्या राज्यघटनेत अध्यापनाच्या स्वातंत्र्याचे वेगळे कलम नाही. जर्मनीच्या मूलभूत कायद्यात ते पाचव्या अनुच्छेदात स्पष्ट लिहिलेले आहे. आपल्याला अनुच्छेद १९(१)(क) मधील भाषणस्वातंत्र्यावरच भागवावे लागते, आणि समोर भारतीय न्याय संहितेची १९६ व २९९ ही कलमे असतात, म्हणजे पूर्वीची १५३अ आणि २९५अ. त्यांपैकी दुसऱ्यात बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणे सिद्ध व्हावे लागते, नुसती कुणाची तरी भावना दुखावली एवढे पुरत नाही. शब्दांचा परिणाम कोणत्या मापाने मोजायचा याचे उत्तर स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी देऊन ठेवले आहे: समंजस, खंबीर आणि धैर्यवान माणसाच्या मापाने, दुबळ्या व डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्याच्या मापाने नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०२४ रोजी तेच माप पुन्हा लावले, आणि तेही कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात. जम्मू-काश्मीरविषयीच्या निर्णयावर टीका करणारा आणि पाकिस्तानला त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या शुभेच्छा देणारा मजकूर त्याने व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवला होता. न्यायालयाने गुन्हा रद्द केला आणि पोलिसांनाच भाषणस्वातंत्र्याचे शिक्षण देण्याची वेळ आली आहे असे सुनावले. हे वाचून हुरळून मात्र जाऊ नकोस. स्टेटस होते ऑगस्ट २०२२ मधले, मुंबई उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द करण्यास नकार दिला होता, आणि मधली दीड वर्षे त्या माणसाने कशी काढली असतील ती निकालपत्रात लिहिलेली नसतात.

तू तासिका तत्त्वावर आहेस, आणि मला खरी काळजी आहे ती याचीच. सीएचबीच्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, माणसाला कुणी बडतर्फ करत नाही. पुढच्या सत्रात बोलावणे येत नाही एवढेच. अमेरिकेत मिनेसोटातील हॅम्लिन विद्यापीठात २०२२ साली कंत्राटी अध्यापिकेबाबत नेमके हेच घडले. इस्लामी कलेच्या तासाला चौदाव्या शतकातील एका फारसी हस्तलिखितामधले प्रेषितांचे चित्र तिने दाखवले, तेही अभ्यासक्रमपत्रिकेत आधी लिहून आणि वर्गात पूर्वसूचना देऊन, की ज्याला पाहायचे नसेल त्याने पाहू नये. तरी तक्रार झाली, विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी त्या कृतीला इस्लामद्वेष म्हटले, आणि पुढच्या सत्राचे काम तिला मिळाले नाही. नंतर देशभर टीका झाली, प्राध्यापक संघटनेने चौकशी करून तिची बाजू घेतली, विद्यापीठाने तो शब्द चुकल्याचे मान्य केले. ही बाजू कशामुळे घेता आली ते लक्षात घे: तिने काय, का आणि कोणत्या संदर्भात दाखवले हे आधीच कागदावर होते. वर्गाबाहेरच्या बोलण्यानेही नोकरी जाते: र. धों. कर्व्यांना १९२५ साली विल्सन महाविद्यालयातील गणिताची नोकरी गमवावी लागली ती संततिनियमनाच्या प्रचारामुळे, वर्गातल्या एका शब्दामुळेही नव्हे. वर्गाबाहेर नागरिक म्हणून काय बोलावे हा वेगळा आणि लांबचा विषय आहे; त्याबद्दल भेटीत बोलू.

'वरवर घ्या' या सूचनेचे काय करायचे? ती मानू नकोस, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासक्रम अभ्यास मंडळ ठरवते आणि विद्या परिषद मंजूर करते. प्राचार्यांना तोंडी सांगून त्यातला घटक गाळता येत नाही. मुंबई विद्यापीठाने २०१० साली रोहिंटन मिस्त्री यांची कादंबरी एका विद्यार्थी नेत्याच्या तक्रारीवरून बी.ए.च्या अभ्यासक्रमातून काढली, तेव्हा निदान ते उघड घडले आणि त्यावर लोकांना बोलता आले. स्टाफरूममध्ये कुजबुजत झालेली काटछाट कुणालाच दिसत नाही. तू फुले वरवर घेतलेस तर मुलांच्या हाती मुलींची शाळा काढणारा एक सौम्य समाजसुधारक लागेल, आणि 'गुलामगिरी' हे नाव एका गुणाच्या प्रश्नापुरते उरेल.

तेव्हा तो घटक पुन्हा घे, पूर्ण घे. पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या संवादाच्या रूपात आहे, तर दोन मुलांना पात्रे वाटून ते मोठ्याने वाचायला लाव. ज्याने चित्रफीत काढली त्याला धोंडीबा दिलास तरी चालेल. प्रकरण आणि पृष्ठ फळ्यावर लिही. त्यानंतर फुल्यांच्या मांडणीवरचे आक्षेपही तितक्याच गांभीर्याने सांग, कारण आर्यांच्या आगमनाविषयी त्यांनी ज्या कल्पना गृहीत धरल्या त्या पुढच्या संशोधनाने जशाच्या तशा ठेवलेल्या नाहीत, आणि हे सांगितल्याने फुले लहान होत नाहीत. स्वतःचे मत द्यायचे असेल तर 'हे माझे मत आहे, याच्याशी असहमत होऊन लिहिणाऱ्याचे गुण कापणार नाही' असे म्हणून दे आणि तसे वाग. टीचर्स डायरीत घटक, उतारा, संदर्भ त्याच दिवशी नोंदव.

लेखी खुलासा किंवा माफीनामा मागितला गेला तर स्टाफरूममध्ये उभ्या उभ्या सही करू नकोस. आधी लेखी तक्रारीची प्रत माग, प्राचार्यांकडे जाताना विभागातील एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याला बरोबर ने, आणि गटांवर कुणालाही उत्तर देऊ नकोस. शेऱ्याबद्दल दिलगिरी द्यायची असेल तर ती वर्गात, त्या मुलांसमोर, दोन वाक्यांत दे, कमिटीपुढे नको. उताऱ्याबद्दल दिलगिरी देऊ नकोस, कुठेही नाही. खुलाशाचा मसुदा करशील तेव्हा पाठवण्यापूर्वी मला दाखव. सोबत विद्यापीठाच्या अभ्यासक्रमपत्रिकेतले त्या घटकाचे पान आणि तुझ्या नेमणुकीच्या पत्राची प्रत जोड. त्यात मुदतीविषयी नेमके काय लिहिले आहे ते मला पाहायचे आहे.

कळावे,
तुझे सर