तुरटी वाढवली तरी पाणी गढूळच का? जलशुद्धीकरण केंद्रावर नव्याने लागलेल्यांचे प्रश्न

पाणीपुरवठा आणि मैलापाणी केंद्रांवर नुकतेच कामाला लागलेल्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतले चार प्रश्न यावेळी घेतले आहेत.

प्रश्न : फिल्टर हाऊसवर हेल्पर आहे. मिरग लागला की नदीचं पाणी तांबडं येतं. तुरटी दुप्पट सोडली तरी गुठळी धरत नाही, उलट पाणी धुरकट दिसतं. तुरटीचा माल खराब आहे का? (एक वाचक, लांजा)

माल बहुधा ठीक आहे. पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, कमी पडत असावी. तुरटीची चिकट गुठळी तयार होताना ही अल्कलिनिटी खर्च होते, 10 मिलिग्रॅम तुरटीमागे साधारण 5 मिलिग्रॅम. आपल्याकडचं पावसाळी पाणी जांभ्यावरून धावत येतं, त्यात चुन्याचा अंश मुळातच थोडा. लिटरला 40 मिलिग्रॅम तुरटी सोडली की त्यातले 20 मिलिग्रॅम संपले. त्याहून जास्त तुरटी घातली की पीएच 6 च्या खाली घसरतो, गुठळी धरत नाही आणि ॲल्युमिनियम विरघळलेलंच राहून फिल्टरमधून पार होतं. म्हणून आधी तुरटी मिसळल्यानंतरच्या पाण्याचा पीएच बघा. तो 6.5 ते 7.5 च्या दरम्यान हवा. खाली असेल तर तुरटी वाढवू नका, चुना द्या. चुन्याची टाकी वेगळी ठेवा आणि चुना तुरटीच्या आधी सोडा. एक किलो तुरटीला विरवलेल्या चुन्याची 350 ते 400 ग्रॅम भुकटी ही वरची मर्यादा समजा. पाण्यात थोडीफार अल्कलिनिटी असतेच, त्यामुळे सुरुवात निम्म्यापासून करावी.

डोस मात्र अंदाजाने ठरवायचा नाही, जार टेस्टने ठरवायचा. दहा ग्रॅम कुटलेली तुरटी एक लिटर पाण्यात विरघळवा. हे द्रावण एक लिटर पाण्यात 1 मिली टाकलं की डोस 10 मिलिग्रॅम होतो. सहा बीकरमध्ये कच्चं पाणी घ्या, ते तुरटी पडण्याच्या आधीच्या जागेवरचं आणि त्याच वेळचं हवं. सकाळी भरून ठेवलेल्या बाटलीवर दुपारच्या पुराचा डोस काढणं फुकट आहे. बीकरमध्ये अनुक्रमे 1 ते 6 मिली टाका. मिनिटाला 100 फेऱ्यांनी एक मिनिट जोरात ढवळा, मग 30 ते 40 फेऱ्यांनी 15 ते 20 मिनिटं हळू, आणि अर्धा तास निवळू द्या. ज्या सर्वांत कमी डोसला वरचं पाणी नितळ झालं तोच घ्यायचा. चुना लागत असेल तर बीकरमध्येही तो आधी घाला.

आता हिशेब. डोस 40 मिलिग्रॅम आला आणि केंद्रावर ताशी 50 हजार लिटर पाणी येत असेल, तर ताशी 2 किलो तुरटी लागेल. टाकीत 5 टक्क्यांचं द्रावण असेल, म्हणजे 100 लिटरमध्ये 5 किलो, तर ते ताशी 40 लिटर सोडायचं. हे नळीच्या तोंडाशी मोजपात्र धरून तपासा, मिनिटाला सुमारे 670 मिली भरलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी गणित बरोबर असतं, पण न विरघळलेल्या खड्यांनी नळी अर्धी बुजलेली असते. जार टेस्टला गुठळी छान धरते आणि टाकीत धरत नाही, तर पहिला संशय या नळीवर घ्यावा. दुसरा फ्लॉक्युलेटरच्या, म्हणजे गुठळी धरायला पाणी हळू ढवळणाऱ्या यंत्राच्या, पात्यांवर: ती जोरात फिरली की धरलेली गुठळी फुटते.

प्रश्न : मी ग्रामपंचायतीची जलसुरक्षक आहे. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकते, तरी ओटी टेस्टला (पाण्यात उरलेला क्लोरीन तपासायची चाचणी) पिवळा रंग येत नाही. (मालवण तालुका)

पहिलं कारण पावडरच. ताज्या टीसीएलमध्ये 33 टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत निकामी होते. पिशवीचं तोंड घट्ट बांधून, लाकडी फळीवर, पंपाच्या लोखंडापासून लांब ठेवा. वास उग्र येतो म्हणून पावडर चांगली, हा समज सोडा.

दुसरं कारण मोजमाप. विहिरीचा व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर खोल असेल, तर 0.785 × 3 × 3 × 4 म्हणजे सुमारे 28 हजार लिटर पाणी. लिटरला 2 मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचा तर 56 ग्रॅम लागतो, आणि पावडर 25 टक्क्यांची असेल तर सुमारे 225 ग्रॅम पावडर. बादलीत थोड्या पाण्यात तिची लगदी करा, बादली भरा, दहा मिनिटं ठेवा आणि वरची निवळी विहिरीत सोडा. तळाचा चुना टाकू नका. अर्ध्या तासानंतर नमुना घ्या. तरी रंग आला नाही तर पाणी क्लोरीन खातंय, म्हणजे त्यात सडका पाला, शेवाळ किंवा सांडपाणी आहे. डोस वाढवाच, पण मुरतंय कुठे तेही शोधा. शेवटच्या नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवा.

टीसीएल टाकल्यावर पाणी तांबूस झालं तर घाबरू नका, ते बहुधा जांभ्यातलं लोह आहे, निवळलं की बसतं. खाडीकाठच्या विहिरीला मचूळपणा असेल तर तो मात्र टीसीएलने जात नाही आणि उकळूनही नाही. ओटीचं औषध विषारी असतं. तपासलेलं पाणी परत विहिरीत ओतू नका. क्लोरीन तपासायचं डीपीडी किट मिळत असेल तर तेच मागून घ्या, त्यात रंग गुलाबी येतो.

प्रश्न : हॉटेलच्या एसटीपीवर (मैलापाणी शुद्धीकरण केंद्रावर) नवीन आहे. शनिवार-रविवारच्या गर्दीनंतर निवळण टाकीत गाळ वर तरंगतो, घाण वास येतो. (गणपतीपुळे परिसर)

एरेशन टाकीतलं, म्हणजे जिथे हवा सोडतात त्या टाकीतलं, पाणी एक लिटरच्या मोजपात्रात घेऊन 30 मिनिटं न हलवता ठेवा आणि गाळ किती मिलीवर बसला ते रोज लिहा. 300 मिलीवर बसला आणि एमएलएसएस (एरेशन टाकीतल्या पाण्यात लिटरला किती मिलिग्रॅम गाळ) 3000 असेल, तर इंडेक्स (एक ग्रॅम गाळ किती मिली जागा घेतो) 100, म्हणजे गाळ चांगला आहे. इंडेक्स 150 च्या वर गेला तर गाळ फुगलाय. पात्र तसंच तासभर आणखी ठेवा. बसलेला गाळ बुडबुड्यांसह गोळ्यागोळ्यांनी वर आला तर तो निवळण टाकीत फार वेळ पडून राहतोय. गाळ एरेशन टाकीत परत नेणारा पंप वाढवा, जादा गाळ काढा. गाळ काळा आणि सडका असेल तर हवा कमी पडतेय. वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवण्याची चाल आहे. ती गर्दीच्या आठवड्यात हमखास अंगाशी येते. एरेशन टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरला 2 मिलिग्रॅमच्या आसपास ठेवा. गर्दीच्या आधी स्वयंपाकघराचा तेल-सापळा साफ करून घ्या आणि हाउसकीपिंगला सांगा की सगळ्या खोल्यांचं ॲसिड एकाच सकाळी ओतू नका, टाकीतले मैला खाणारे जिवाणू मरतात.

पंप अडला म्हणून कोणी सांगितलं तरी साठवण खड्ड्यात उतरायचं नाही. कुजक्या अंड्यासारखा वास गेला म्हणजे वायू गेला असं नाही. हायड्रोजन सल्फाइड वाढला की नाकच बधिर होतं. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय सेप्टिक टँक किंवा गटारात माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. आत कोणी कोसळला तर मागोमाग उडी मारू नका. ब्लोअरने हवा सोडा, दोराने ओढा आणि अग्निशमन दलाला बोलवा.

प्रश्न : दहावी झालोय. या कामासाठी कोणता कोर्स करावा? (राजापूर)

लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाणी केंद्रात जायचं असेल तर आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा दोन वर्षांचा ट्रेड सर्वांत जवळचा. दहावीला गणित-विज्ञान हवं. गावच्या नळयोजनेवर इलेक्ट्रिशियन किंवा प्लंबर जास्त चालतो, कारण तिथे निम्मं काम पंप, स्टार्टर आणि व्हॉल्व्हचंच असतं. जीवन प्राधिकरणाची नाशिकची ‘मित्रा’ ही प्रशिक्षण संस्था पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांना शिकवते, तिची चौकशी काम लागल्यावर करा. खासगी कोर्सची फी भरण्यापूर्वी त्यांची प्रयोगशाळा बघा. तिथे पीएच मीटर, जार टेस्टचं यंत्र आणि चालू फिल्टर नसेल तर पैसे देऊ नका.