जुन्या गाडीचा एसी: आर-१२ वरून आर-१३४ए

मित्रा, जुन्या गाडीच्या एसीत आर-१२ ऐवजी आर-१३४ए हा थंडावा देणारा गॅस भरायची घाई करू नकोस. आधी जुना आर-१२ गॅस, तो ओढून घेणारं मशीन असलेल्या गॅरेजमध्ये काढून घे. हवेत सोडू नकोस, तो ओझोनचा थर खातो.

खरी गोम तेलात आहे. आर-१२ सोबतचं मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, मग ते कॉम्प्रेसरपर्यंत (गॅस दाबणाऱ्या पंपापर्यंत) परत येत नाही आणि कॉम्प्रेसर जाम होतो. म्हणून कॉम्प्रेसर उतरव, उलटा करून जुनं तेल निथळू दे, आणि एस्टर ऑइल घाल. उरलेल्या थोड्या मिनरल ऑइलशी ते जुळवून घेतं. ड्रायर (ओलावा शोषणारा भाग) नवाच लाव, इथे कंजुषी नको. ओ-रिंग (जोडांतल्या रबरी कड्या) हिरव्या एचएनबीआर रबराच्या, तेलाचं बोट फिरवूनच बसव.

मग निदान पाऊण तास व्हॅक्यूम, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढ. पंप बंद करून अर्धा तास गेजच्या काट्याकडे बघ. हलला तर लीक आहे, आधी तो शोध.

गॅस वजनावर भर, आधीच्या आर-१२ च्या वजनाच्या साधारण ८० ते ८५ टक्केच. गॅसचा डबा उभा, फक्त लो साइडने (कमी दाबाच्या बाजूने). डोळ्यांना चष्मा हवाच. स्वस्त म्हणून घरगुती एलपीजी मात्र कुणी कितीही सांगितलं तरी घालू नकोस, केबिनमध्ये गळला तर पेट घेतो.