बर्लिनच्या छायाचित्रातला कर्णधार

प्रश्न : १९३८ साली बर्लिनमध्ये नाझी पद्धतीने हात उंचावून उभ्या असलेल्या इंग्लंडच्या फुटबॉल संघाचे छायाचित्र नुकतेच पाहण्यात आले. त्या संघाचा कर्णधार एडी हॅपगूड हा खेळाडू म्हणून कसा होता?
– एक वाचक

उत्तर : त्या एका छायाचित्रामुळे हॅपगूडचा खेळ झाकला गेला आहे, म्हणून आपला प्रश्न मोलाचा वाटतो. १९०८ मध्ये ब्रिस्टलला जन्मलेला हा मुलगा दुधाची गाडी हाकत असे. ब्रिस्टल रोव्हर्सने त्याला संघात घेऊ केले, पण उन्हाळ्यात कोळशाची गाडी हाकावी लागेल असे सांगितले. दूधवाल्याला कोळसेवाला होणे कमीपणाचे वाटले आणि त्याने नकार दिला, अशी कथा सांगतात. पुढे केटरिंग टाउनकडून खेळत असताना १९२७ मध्ये व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी त्याला लंडनच्या आर्सेनल क्लबमध्ये आणले.

तेव्हा तो अंगाने किरकोळ आणि शाकाहारी होता. पावसाने भिजलेला त्या काळचा जड चामडी चेंडू डोक्याने मारला की त्याची शुद्ध हरपत असे, त्यामुळे प्रशिक्षक टॉम व्हिटेकर यांनी त्याला मांसाहार करायला लावून त्याची ताकद वाढवली.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा, म्हणजे गोलजवळ आधीच जाऊन थांबलेल्या आक्रमकाला चेंडू घेऊ न देणारा नियम सैल झाला होता. आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी असले तरी चालू लागल्याने गोलांचा पाऊस पडू लागला, तेव्हा चॅपमन यांनी मध्यरक्षकाला मागे खेचून दोन्ही फुलबॅकच्या, म्हणजे मागच्या बचावपटूंच्या, मध्ये उभे केले आणि फुलबॅकना कडेने चढाई करणाऱ्या विंगरवर सोडले. डाव्या बाजूचे हे काम हॅपगूडने धसमुसळेपणाने नव्हे, तर योग्य जागा धरून आणि डोके शांत ठेवून केले. त्याच्या काळात आर्सेनलने पाच लीग विजेतेपदे आणि दोन एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकले.

इंग्लंडसाठी तो ३० सामने खेळला. त्यांपैकी २१ सामन्यांत तो कर्णधार होता. पहिलेच नेतृत्व नोव्हेंबर १९३४ मध्ये आर्सेनलच्या हायबरी मैदानावर, जगज्जेत्या इटलीविरुद्ध करायचे होते. संघातले सात खेळाडू आर्सेनलचेच होते. सामना इतका दांडगाईचा झाला की एका कोपरखळीने हॅपगूडचे नाक मोडले. तरी उपचार घेऊन तो परतला आणि इंग्लंडने ३-२ असा विजय मिळवला.

आता बर्लिनविषयी. सलामीचा निर्णय खेळाडूंचा नव्हता. ब्रिटिश राजदूत नेव्हिल हेंडरसन यांच्या सल्ल्यावरून फुटबॉल असोसिएशनच्या अधिकाऱ्यांनी तो खेळाडूंवर लादला. हॅपगूडने त्याला विरोध केला, पण आदेश पाळला. सामना इंग्लंडने ६-३ असा जिंकला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

युद्धाने त्याची उरलेली कारकीर्द खाल्ली. नंतर ब्लॅकबर्न रोव्हर्स, वॉटफर्ड आणि बाथ सिटी या संघांचे व्यवस्थापन त्याने केले. पुढे हलाखीत सापडल्यावर त्याने जुन्या क्लबकडे मदत मागितली, तेव्हा आर्सेनलने त्याला ३० पौंड पाठवले. १९७३ मध्ये त्याचे निधन झाले.