'सिन्सियर' मुलाची बढती

प्रश्न : मी गोव्यातल्या साखळीचा. वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका मोठ्या औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला केमिस्ट आहे. चार वर्षं आठ महिने झाले. गेल्या चवथीला गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायची सोडून ऑडिटसाठी ड्युटीवर गेलो. तरी दोन वर्षं रेटिंग तीनच, आणि मागून आलेली मुलगी सीनियर झाली. साहेब म्हणतात, हिमाचलमधल्या बद्दीच्या प्लांटला जा, तिथं बढती मिळेल. राजीनामा देऊ का?

उत्तर : तुला 'तू'च म्हणते, माझा थोरला तुझ्याच वयाचा असेल. अशाच एका कारखान्याच्या पर्सोनेलमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. रेटिंगच्या बैठकीत एकवीस नावं आणि बढतीच्या जागा तीन, असा हिशेब. एका नावाला जेमतेम दोन मिनिटं. 'मुलगा सिन्सियर आहे हो,' असं त्याचा साहेब म्हणाला, की मी मनातल्या मनात ते नाव खोडत असे. सांगण्यासारखं दुसरं काही नसलं की हा शब्द निघतो. दुसरा साहेब म्हणायचा, 'हिनं अडलेल्या चार बॅचेस दोन दिवसांत मोकळ्या केल्या.' झालं तिचं काम.

तुमच्या लॅबचा नियमच आहे ना, लिहिलं नाही म्हणजे केलं नाही? औषध तपासायच्या एचपीएलसी यंत्राच्या लॉगबुकात वेळ, सही, तारीख सगळं. आणि स्वतःचा अप्रेझल फॉर्म? चार ओळी भरला असशील. दर महिन्याला अर्धं पान लिहून ठेव : किती बॅचेस तपासल्या, कुठली चूक पकडली, कुणाला शिकवलं. ते साहेबांपुढे डिसेंबरात ठेव. मार्चपर्यंत नावं ठरलेली असतात. माटोळीचं मात्र लिहू नकोस, नाहीतर पुढच्या चवथीलाही तुलाच बोलावतील.

बद्दीची बढती सध्या तोंडी आहे. ग्रेड आणि पगार बदलीच्या पत्रात छापून माग. देत नसतील तर ती नुसती बदली. दिलं तर जा. वेर्ण्यात वरची खुर्ची रिकामी व्हायला कुणीतरी निवृत्त व्हावं लागतं. गोंयकार गोव्यातली नोकरी सहसा सोडत नाही.

राजीनामा आत्ता नकोच. चार महिन्यांत पाच वर्षं भरली की ग्रॅच्युइटीचा हक्क लागतो : मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले 26, गुणिले 15, गुणिले वर्षं. दोन्ही मिळून 18,000 धरले तर 51,923 रुपये होतात.

आणि त्या सीनियर झालेल्या मुलीवर रुसू नकोस. कँटीनमध्ये चहा पाज आणि फॉर्ममध्ये तिनं काय लिहिलं होतं ते विचार.