वाचक विचारतात : न्यायालयाला मनोरा कशासाठी?

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेला गेलो असताना टेक्ससमधील वॉक्सहॅची या लहान गावात राजवाड्यासारखे काउंटी न्यायालय पाहिले. एवढ्याशा गावाला एवढी इमारत का लागली? तिचा मनोरा केवळ शोभेचा आहे का? आपल्या नागपूरच्या उच्च न्यायालयाशी तिची तुलना करता येईल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : काउंटी हा साधारण आपल्या जिल्ह्यासारखा, पण बहुधा त्याहून लहान असा कारभाराचा घटक आहे, एकट्या टेक्ससमध्ये अशा २५४ काउंट्या आहेत. तेथील न्यायालयात खटले चालत, शिवाय जमिनीची खरेदीखते, कराच्या वह्या आणि विवाहांच्या नोंदीही तेथेच ठेवल्या जात. लाकडी इमारतीला आग लागली की गावाच्या मालकीहक्कांचे पुरावेच नाहीसे होत, त्यामुळे हाती पैसा येताच लोकांनी दगडी बांधकामाचा आग्रह धरला. टेक्ससमध्ये १८८१ च्या कायद्याने काउंट्यांना न्यायालयांसाठी कर्जरोखे काढण्याची मुभा मिळाली. वॉक्सहॅचीच्या परिसरात तेव्हा कापसाची भरभराट होती, हे विदर्भातील वाचकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

आपण पाहिलेली एलिस काउंटीची इमारत १८९५ ते १८९७ या काळात गुलाबी ग्रॅनाइट आणि तांबड्या वालुकाश्मात उभी राहिली. तिचे वास्तुरचनाकार जेम्स राइली गॉर्डन. तेथील खांबांच्या माथ्यावर कोरलेले चेहरे एका पाथरवटाच्या प्रेमभंगाची साक्ष देतात, अशी आख्यायिका पर्यटकांना हमखास ऐकवली जाते. माझ्या मते त्याहून विलक्षण आहे ती इमारतीची मांडणी. तिचा नकाशा क्रुसाच्या आकाराचा असून प्रवेशाच्या देवड्या चार भुजांच्या मधल्या कोनांत बसवल्या आहेत. मध्यभागी जिना आणि त्यावर मनोरा आहे. दालनांतली तापलेली हवा या मधल्या पोकळीतून वर चढते आणि तिच्या जागी देवड्यांच्या सावलीतली हवा आत येते. विजेचे पंखे सर्रास झाले नव्हते, त्या काळी टेक्ससच्या उन्हाळ्यात भरलेल्या न्यायदालनाला या ओढीचा केवढा आधार असेल, हे नागपूरकरांना वेगळे सांगायला नको. मनोरा शोभेचा आहेच, पण तो कामाचाही आहे.

पिट्सबर्गच्या ॲलेगनी काउंटी न्यायालयात हाच विचार उलट दिशेने केलेला दिसतो. हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांनी रचलेली ही इमारत त्यांच्या मृत्यूनंतर, १८८८ मध्ये पूर्ण झाली. पोलादाच्या त्या शहराची हवा काजळीने भरलेली असे, म्हणून रस्त्यालगतची हवा टाळून उंच मनोऱ्यातून वरची स्वच्छ हवा आत घेण्याची योजना केली गेली, तर दालनांना उजेड मिळावा म्हणून मध्ये चौक सोडला गेला. पुढे समोरचा रस्ता खोदून खाली उतरवला गेला, त्यामुळे पूर्वी जमिनीखाली असलेल्या तळघराच्या पातळीवरून आज आत शिरावे लागते.

नागपूरच्या इमारतीशी तुलना मात्र जपूनच करावी, कारण ती एका जिल्ह्याची कचेरी नसून मध्य प्रांत व वऱ्हाडाच्या उच्च न्यायालयासाठी बांधली गेली. हेन्री मेड यांच्या या रचनेची कोनशिला ९ जानेवारी १९३७ रोजी बसवली गेली आणि ६ जानेवारी १९४० रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या हस्ते उद्घाटन झाले. मेड यांनी नव्या दिल्लीच्या उभारणीत काम केले होते, आणि ते वळण येथे स्पष्ट जाणवते : मनोऱ्याऐवजी घुमट, उंचीऐवजी आडवा विस्तार. घुमट १०९ फूट उंच आहे, तर बाकीची इमारत ५२ फुटांवर थांबते. बाहेरून घडीव वालुकाश्म आणि आत विटा असे हे बांधकाम आहे.

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसू लागले, म्हणजे ही वास्तू अजूनही मूळ कामासाठीच वापरात आहे. टेक्ससनेही १९९९ पासून काउंटी न्यायालयांच्या जीर्णोद्धारासाठी राज्याच्या निधीतून योजना सुरू केली आणि जुन्या न्यायदालनांत पुन्हा खटले चालवले. विदर्भातील जुन्या तहसील कचेऱ्या पाडण्याआधी अशा योजनेचा विचार आपल्याकडे अवश्य व्हावा, असे मला मनापासून वाटते.