मेसेज पाठवण्याआधी यादी कुठली ते बघा

वाडीत आणि मुंबईतल्या चाकरमान्यांना जिल्हा परिषदेच्या मतदानाचे मेसेज पाठवायचेत, ॲप कुठलं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. ॲप राहू दे. आम्ही आपटलो त्याच दगडाकडे तुम्ही निघालाय, म्हणून लिहितोय.

केंद्रीय निवडणूक आयोगाच्या ॲपवर दिसणारा यादी भाग आणि अनुक्रमांक विधानसभेच्या यादीतला. जिल्हा परिषदेची निवडणूक घेतो राज्य निवडणूक आयोग. नावं विधानसभेच्याच यादीतली, पण गट-गणाप्रमाणे (गट जिल्हा परिषदेचा, गण पंचायत समितीचा मतदारसंघ) फोडलेली. अनुक्रमांक बदलतो, कधी केंद्रही पलीकडच्या शाळेत जातं. आम्ही ॲपवरचे आकडे जसेच्या तसे पाठवले. केंद्रावर नाव सापडेना, रांग तुंबली, आणि घाटी चढून आलेली म्हातारी माणसं चिडून परत गेली. आधी एका कचेरीत विचारलं होतं. "ऑनलाइन दिसतंय तेच बरोबर." अंतिम यादीचा गठ्ठा त्याच टेबलावर पडलेला! असो.

तेव्हा गणाची अंतिम यादी हातात घ्या आणि मतदार ओळखपत्राच्या क्रमांकावरून जुळवा (3 अक्षरं, 7 आकडे, जुन्या कार्डांवर एमटीने सुरू होणारा लांबलचक). नावावरून नको, आपल्याकडे एका वाडीत एकच आडनाव आणि निम्म्यांची नावंही सारखी. यादीत नावच नसेल तर ऐनवेळी काही होत नाही. नमुना 6 विधानसभेच्या यादीसाठी आधीच भरायला हवा होता. ज्यांचं नाव मुंबईत आहे त्यांना गावी बोलावू नका, नाव एकाच ठिकाणी ठेवायचं असतं.

मराठी एसएमएस 70 अक्षरांचा, काना-मात्राही मोजतात. त्यापुढे तुकडे होतात आणि पैसे प्रत्येक तुकड्याचे. म्हणून नाव, अनुक्रमांक, केंद्र, वेळ, बस्स; "लोकशाहीचा उत्सव" वगैरे कापा. वेळ नोटिशीतली घ्या, लोकसभेची पाठ असते ती नव्हे. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी करणार असाल तर ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह नाही त्यांना ती पोचतच नाही, हे आमच्याही उशिरा लक्षात आलं. माझं मत विचाराल तर वाडीसाठी साधा एसएमएसच बरा.

केंद्रात फोन नेता येत नाही, तेव्हा अनुक्रमांक चिठ्ठीवर लिहून घ्यायला सांगा.

मी काही निवडणूक खात्यातला नाही, नियम बदलतात, तहसीलला खात्री करा. आणि होडीवर जाणाऱ्यांना मेसेज नको. आदल्या संध्याकाळी घरी फोन करा, पहाटे ती माणसं रेंजबाहेर गेलेली असतात.