कोरड्या चिखलातला मासा

गेल्या महिन्यात या सदरात फुप्फुसमाशाचा उल्लेख ओझरता आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : हवेत पाण्यापेक्षा कितीतरी अधिक ऑक्सिजन असतो, तरी बाजारातला मासा टोपलीत तडफडून मरतो. मग फुप्फुसमासा कसा जगतो? (एक वाचक, महाल)

उत्तर : आपण म्हणता ते खरे आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो, तर ३० अंश सेल्सिअस तापमानाच्या तेवढ्याच पाण्यात जेमतेम ५ ते ६ मिलिलिटर. तरीही रोहू किंवा कटला हवेत गुदमरतो, कारण त्याच्या कल्ल्यांच्या नाजूक पाकळ्या पाण्याच्या आधारानेच सुट्या राहतात. पाणी गेले की त्या ओल्या केसांसारख्या एकमेकींना चिकटतात, ऑक्सिजन शोषणारा पृष्ठभाग एकदम आक्रसतो आणि पाठोपाठ कल्ले सुकू लागतात.

फुप्फुसमाशाच्या घशाच्या तळाशी एक फट असते आणि ती फुप्फुसात उघडते. आफ्रिकेतील चार आणि दक्षिण अमेरिकेतील एक अशा पाच जातींमध्ये फुप्फुसांची जोडी असते; त्यांच्या आतील भिंतीला पोळ्यासारखे कप्पे असतात आणि त्यांवर केशवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. या माशाला आपल्यासारखे श्वासपटल नसते. तो पाण्याच्या पृष्ठभागावर येतो, फुप्फुसातली जुनी हवा बाहेर सोडतो, तोंडात ताजी हवा भरून घेतो आणि तोंड मिटून ती खाली ढकलतो. म्हणजे त्याचे तोंडच भात्याचे काम करते. फुप्फुसात शुद्ध झालेले रक्त वेगळ्या शिरेने हृदयाच्या डाव्या बाजूला येते आणि अशुद्ध रक्तात बऱ्याच अंशी मिसळू दिले जात नाही. माशाच्या हृदयात अशी अर्धवट का होईना विभागणी असणे ही मला या प्राण्यातली सर्वांत विलक्षण गोष्ट वाटते.

कल्ले मात्र अगदीच निरुपयोगी झालेले नसतात. आफ्रिकी मासा आपल्या गरजेचा बहुतेक ऑक्सिजन हवेतून घेतो, परंतु पाण्यात असेपर्यंत कार्बन डायऑक्साइड मुख्यतः कल्ल्यांतून आणि त्वचेतूनच बाहेर टाकतो. त्याला पृष्ठभागावर येऊ दिले नाही, तर मासा असूनही तो पाण्यात बुडून मरतो.

प्रश्न : आमच्याकडे नवतप्यापर्यंत लहान तळी पार भेगाळतात. अशा चिखलात हा मासा अन्नपाण्यावाचून महिनोन्‌महिने कसा राहतो? (एक शिक्षिका, कुही)

उत्तर : बहुतेक वाचकांना फुप्फुस म्हणजेच या कोड्याचे उत्तर वाटते. माझ्या मते श्वास हा त्यातला सोपा भाग आहे. खरी संकटे तीन : शरीर सुकणे, उपासमार आणि स्वतःच्याच शरीरात तयार होणारे विष.

पाणी ओसरू लागले की आफ्रिकी फुप्फुसमासा तोंडाने चिखल उकरत खाली जातो, बिळाच्या तळाशी वळून तोंड वर करतो आणि शेपटी अंगाभोवती गुंडाळून घेतो. त्वचेतून भरपूर बुळबुळीत स्राव सुटतो. तो वाळून अंगाभोवती पातळ चर्मपत्रासारखा कोश तयार होतो आणि श्वासापुरते एक छिद्र तेवढे तोंडाशी उघडे राहते. या कोशाकडे दीर्घकाळ निर्जीव वेष्टन म्हणून पाहिले गेले. परंतु २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात त्यात जिवंत पेशी आढळल्या आणि आतल्या असहाय माशाचे जंतूंपासून रक्षण करण्याचे कामही तो कोश करतो असे दिसून आले.

आत पडलेल्या माशाचा चयापचय मंदावतो, हृदयाचे ठोके विरळ होतात आणि शरीर स्वतःचेच स्नायू इंधन म्हणून वापरू लागते. इथेच तिसरे संकट उभे राहते. प्रथिने जळली की अमोनिया तयार होतो. पाण्यातला मासा तो कल्ल्यांतून सहज धुऊन टाकतो. कोशात मात्र धुऊन न्यायला पाणीच नसते, आणि साठलेला अमोनिया मेंदूला घातक असतो. फुप्फुसमाशाचे यकृत त्या अमोनियाचे पुष्कळ कमी विषारी अशा युरियात रूपांतर करते. मूत्रनिर्मिती जवळजवळ थांबते, युरिया शरीरात साठत राहतो आणि पाऊस येऊन कोश भिजला की तो पाण्यात सोडून दिला जातो. मूत्रपिंडाचे अमेरिकी अभ्यासक होमर स्मिथ यांनी १९३०च्या सुमारास याच माशांवर केलेले काम आजही मूलभूत मानले जाते.

या अवस्थेला ग्रीष्मनिष्क्रियता म्हणतात. निसर्गात ती सामान्यतः कोरड्या ऋतूपुरती, म्हणजे काही महिन्यांची असते. प्रयोगशाळेत मात्र मासे या अवस्थेत वर्षाहून अधिक काळ जिवंत राहिले आहेत.

प्रश्न : मरळसुद्धा वर येऊन हवा घेते आणि ओल्या गवतातून सरकत जाते. तिलाही फुप्फुसमासा म्हणावे का? (मासेमारी करणारे एक वाचक, भंडारा)

उत्तर : नाही. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर हवा धरून ठेवणारे कप्पे असतात. मागूर माशात कल्ल्यांजवळ झाडासारखे फांद्या फुटलेले अवयव असतात, आणि शिंगीच्या कल्ल्यांच्या पोकळीपासून मागे जाणाऱ्या लांब पिशव्या असतात. यांतले काहीही फुप्फुस नव्हे. कमी ऑक्सिजनच्या पाण्यात तग धरण्याचे हे निरनिराळे मार्ग या माशांना स्वतंत्रपणे सापडले आहेत. आपले निरीक्षण मात्र अचूक आहे, आणि ते पाण्याकाठी राहणाऱ्यांकडूनच येते.

प्रश्न : भारतात फुप्फुसमासे कधी होते का? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, धरमपेठ)

उत्तर : होते, आणि त्यांच्या शोधाशी नागपूरचे नाव जोडलेले आहे. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील मालेडी गावाजवळच्या, आज तेलंगणात असलेल्या, ट्रायासिक काळातील लाल मातीच्या थरांत फुप्फुसमाशांचे दात सापडले. हे थर २० कोटी वर्षांहून जुने आहेत. या माशांचा सांगाडा बराचसा कूर्चेचा असल्याने तो सहसा टिकत नाही. उंचवटे असलेले, पंख्याच्या आकाराचे दाताचे पट्टे मात्र टिकतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम यांनी १८५९ मध्ये त्यांचे वर्णन केले आणि त्यांतल्या दोन जातींना नागपुरात राहून या प्रदेशाचा भूशास्त्रीय अभ्यास करणाऱ्या स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांची नावे दिली : सेरॅटोडस हिस्लॉपियानस आणि सेरॅटोडस हंटेरियानस. आपल्या शहरातले हिस्लॉप कॉलेज याच हिस्लॉप यांच्या नावाचे आहे.

त्या वेळी सेरॅटोडस हे केवळ जीवाश्मांपुरते नाव होते. अकरा वर्षांनी, १८७० मध्ये, जेरार्ड क्रेफ्ट यांनी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमधल्या एका जिवंत माशाचे वर्णन केले आणि त्याचे दात पाहून त्याला तेच नाव दिले. पुढे त्याची गणना निओसेरॅटोडस या वेगळ्या प्रजातीत होऊ लागली. या माशाला एकच फुप्फुस असते, तो मुख्यतः कल्ल्यांनीच श्वास घेतो आणि चिखलात कोश करून राहणे त्याला जमत नाही. म्हणून मालेडीचे दात पाहून ते मासेही उन्हाळ्यात चिखलात निजत असत असे म्हणता येणार नाही. दातांवरून माशाचे कूळ कळते, त्याने उन्हाळा कसा काढला ते कळत नाही.